मामाचं हौसिंग, भाच्याचा ॲक्सल

मला गाडीतलं कळतं ते इतकंच की पेट्रोल कुठल्या बाजूने भरायचं. तरीही गेल्या मे महिन्यातले तीन रविवार मी मुलाच्या गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढले. मुलगा कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो. आम्ही नवरा-बायको आणि बायकोचा भाऊ असे तिघं त्याच्याकडे गेलो होतो. या मेहुण्यांना आमच्या घरात सगळे मामाच म्हणतात, मीसुद्धा. नाशिकला त्यांचं गॅरेज होतं आणि आयुष्याची पस्तीस वर्षं त्यांनी जीपखाली पाठ टेकून घालवली. भाचा सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे १९८७ची टोयोटाची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. चार सिलिंडरचं २२आरई इंजिन, उन्हाने विटलेला रंग, डाव्या दाराला पोचा. आपल्याकडे आणि बाकी जगात या गाडीला हायलक्स म्हणतात. अमेरिकेत टोयोटाने ते नाव सत्तरच्या दशकातच सोडलं, तिथे ती नुसती ‘पिकअप’.

पहिल्या रविवारी चहा पिता पिता भाच्याने विषय काढला.

“मामा, हिचं पुढचं सस्पेन्शन काढून टाकतोय. सॉलिड ॲक्सल टाकणार.”

“सॉलिड म्हणजे?”

“एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग लोखंडी नळी. त्यातच डिफ्रन्शिअल. खाली पाटे.”

मामा त्याच्याकडे बघत राहिले. “म्हणजे हौसिंग?”

“हो, तुमचं हौसिंग.”

“आमच्या जीपला असायचं ते?”

“तेच.”

“अरे, त्याला शिव्या घालत लोक माझ्याकडे यायचे! आणि तू पदरचे पैसे घालून ते बसवणार?”

इथून जे सुरू झालं ते तीन रविवार पुरलं. गंमत अशी की भूमिका उलट्या पडल्या होत्या. जुन्या काळचा माणूस नव्या रचनेची बाजू घेत होता आणि तिशीतला पोरगा आजोबांच्या जमान्यातलं लोखंड मागत होता.

मामा गाडीखाली सरकले. वय सदुसष्ट, पण जमिनीवर आडवं होताना त्यांचं वय कमी होतं. खालूनच त्यांचा आवाज येत होता. “दोन्ही चाकांना वेगवेगळे वरचे-खालचे आर्म. टॉर्शन बार. डिफ्रन्शिअल चासीला टांगलेलं. काय वाईट आहे रे यात? डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ता लागत नाही. आमच्या जीपला एक खड्डा लागला की दोन्ही चाकं थरथरायची, वर स्टीअरिंग वॉबलिंग मारायचं. टोयोटावाल्यांनी हे हौसेने बदललं का?”

“हौसेने नाही, हायवेसाठी. १९८५पर्यंत या पिकअपला पुढे हौसिंगच होतं. ८६पासून त्यांनी हे आणलं. इथे लोक पिकअप घेऊन ऑफिसला जातात, पोरांना शाळेत सोडतात. त्यांना मऊ गाडी हवी होती. पण मामा, दुसऱ्या देशांत त्यांनी हौसिंगवाली हायलक्स नंतरही दहा-अकरा वर्षं विकली. म्हणजे ते त्यांना टाकाऊ वाटत नव्हतं.”

“तू हिला घेऊन ऑफिसला जातोस ना?”

“शुक्रवारी.”

“मग?”

“मग शनिवारी मला रुबिकॉनला जायचं असतं.”

रुबिकॉन म्हणजे नदी नव्हे, तशी ती आहेही, पण भाच्याच्या बोलण्यात ती वाट असते. फॉल्समच्या पूर्वेला सिएरा नेवाडाच्या डोंगरातून लेक टाहोच्या दिशेने जाणारी, साधारण २२ मैलांची. तिला रस्ता म्हणणं म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला जिना म्हणण्यासारखं. घागरीएवढे, रांजणाएवढे, काही ठिकाणी गाडीएवढे ग्रॅनाइटचे धोंडे, आणि त्यांच्यावरून ताशी दोन-तीन मैलांनी सरपटायचं. मला त्यात करमणूक कोणती ते अजून उमगलेलं नाही. पण आपणही पावसात गड चढतो आणि घरी येऊन आठवडाभर पाय शेकतो, तेव्हा गप्प बसलेलं बरं.

आदल्या उन्हाळ्यात भाचा तिथे जाऊन आला होता. जाण्याआधी त्याने टॉर्शन बार पिळून गाडी पुढून दोन इंच उचलली. वाटेत एका धोंड्यावर डावं चाक चढलं आणि उजवं हवेत लोंबायला लागलं. हवेतलं चाक नुसतं गरगरत राहिलं. त्याने ॲक्सिलरेटर दिला, चाक दाणकन खाली आपटलं आणि शाफ्टचा सीव्ही जॉइंट गेला. दुसऱ्यांच्या गाड्यांनी ओढत बाहेर काढलं.

“यात दोष सस्पेन्शनचा नाही, तुझ्या पिळण्याचा,” मामा बाहेर येत म्हणाले. “बार पिळून गाडी उचललीस, म्हणजे चाकाला खाली जायला जी जागा होती ती तूच खाऊन टाकलीस. वर शाफ्टचा कोन वाढवलास. कोनात असलेल्या जॉइंटला झटका दिलास तर तो मोडणारच.”

“कबूल. पण न पिळता तरी चाक किती खाली जातं? तेवढ्याने काय होतंय?”

भाचा स्वयंपाकघरात गेला आणि लाटणं घेऊन आला. (त्याच्या बायकोने “धुऊन परत ठेव” एवढंच म्हटलं. यावरून हे पहिल्यांदा घडत नव्हतं, हे मी ओळखलं.) त्याने लाटणं दोन्ही टोकांना दोन वाट्यांवर टेकवलं, मधोमध बोट ठेवलं. “बघा. हे टोक दगडावर चढलं, वर गेलं. दुसरं टोक काय करतं? खाली दाबलं जातं. दगड स्वतःच दुसऱ्या चाकाला जमिनीकडे ढकलतो. दोन्ही चाकं टेकलेली राहतात. माझ्या गाडीत एक चाक वर गेलं तर दुसऱ्याला कुणी सांगतच नाही.”

मामांनी लाटणं हातात घेतलं. त्यांना ते दृश्य पस्तीस वर्षं पाठ होतं, फक्त त्याची बाजू वेगळी. “म्हणजे मी ज्याला दोष म्हणतोय तोच तुझा गुण आहे. एका चाकाचं दुसऱ्याला कळतं म्हणून तुला पाहिजे, आणि कळतं म्हणूनच आमची गाडी थरथरायची.”

“थरथरते ती पन्नासच्या वेगाला. मी दोनच्या वेगाबद्दल बोलतोय.”

“आणि शुक्रवारी?”

भाचा गप्प. पहिल्या रविवारचा खेळ इथे मामांनी जिंकला, असं मी मनातल्या मनात लिहून ठेवलं.

दुसऱ्या रविवारी मामांनी वेगळाच डाव टाकला. “तुला हौसिंगच हवंय तर आमच्या महिंद्राची घे ना. तुमच्याच देशात बनवत होते.” यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि सत्तरेक वर्षांनी, २०१८मध्ये, त्याच वळणाची रॉक्सर नावाची गाडी अमेरिकेत मिशिगनमधल्या कारखान्यातून बाहेर आणली. पुढेमागे हौसिंग, चारी बाजूंना पाटे, डिझेल इंजिन. पण ती फक्त रस्त्याबाहेर चालवायची गाडी म्हणून विकली गेली. मूळ जीपवाल्यांशी त्यावरून मोठा कज्जाही झाला.

“ती ट्रेलरवर घालून न्यावी लागते,” भाचा म्हणाला. “मला घरून चालवत जाऊन चालवत परत यायचंय.”

“त्या वाटेने पहिल्यांदा लोक कशात गेले होते, सांग.”

“१९५३ला जीपवाल्यांची पहिली जत्रा निघाली जॉर्जटाऊनहून.”

“जीप! आमची जीप. तेव्हा काय तुझे पस्तीस इंची टायर होते? बारकी चाकं, साठ-सत्तर घोड्यांचं इंजिन. आणि गेले ना?”

“गेले. पण तेव्हा ती वाट होती मामा. आता माती धुऊन गेलीय, नुसते दगड उरलेत. शिवाय तुम्हीच सांगताय की जीपमध्ये गेले. म्हणजे हौसिंगवर!”

मामा हसले. आपल्याच वाक्यात पाय अडकलेला माणूस हसतो तसे. मग म्हणाले, “बरं. हौसिंग कुठून आणणार ते बोल.”

यावर भाच्याकडे तक्ता होता. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असतो. पहिली निवड १९७९ ते ८५च्या टोयोटा पिकअपचं अस्सल हौसिंग. नट-बोल्टपासून डिफ्रन्शिअलपर्यंत सगळं ओळखीचं, पण चाळीस वर्षांपूर्वीचं आणि आता मिळायला अवघड. दुसरी, शेवरलेच्या जुन्या पिकअपखालचं. तिसरी, सत्तरच्या दशकातल्या जीप वॅगोनियरचं डाना ४४. फोर्डचंही डाना ४४ मुबलक, पण ते त्याने खोडून टाकलं होतं.

“का खोडलं?”

“गोळा डावीकडे आहे.”

मी मधेच तोंड घातलं, गोळा म्हणजे काय? मामांनी समजावलं. डिफ्रन्शिअलचा फुगवटा हौसिंगच्या मधोमध नसतो, एका अंगाला असतो. गिअरबॉक्सच्या मागे जो ट्रान्स्फर केस असतो, त्यातून पुढच्या चाकांकडे शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला गोळा हवा. या टोयोटाचा शाफ्ट उजवीकडून निघतो. फोर्डचा गोळा ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे. शाफ्ट इंजिनखालून तिरका नेता येत नाही. वॅगोनियरनेही १९८०पासून गोळा डावीकडे नेला, म्हणून त्याआधीचंच शोधायचं.

“शेवरलेचं घ्यावं,” मामांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “यात लिहिलंयस, सहा बोल्ट, साडेपाच इंच. तुझ्या चाकांचं काय?”

“तेच. सहा बोल्ट, साडेपाच इंच. चाकं जशीच्या तशी बसतात.”

“मग अडलं कुठे?”

“शेवरलेचं रुंद आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा बाहेर येतात. आणि अस्सल टोयोटाचं उलट. ते माझ्या मागच्या हौसिंगपेक्षा तीन इंच अरुंद आहे, कारण ८६ला नवं सस्पेन्शन आणताना त्यांनी मागचंही रुंद केलं. पण त्याला सोपा इलाज आहे. माझ्याच गाडीचे आत्ताचे हब आणि डिस्क त्या जुन्या हौसिंगवर चढतात, त्यानेच बाजूला दीड-दीड इंच मिळतो.”

मामांना हे आवडलं. काढून टाकायच्या मालातला एक तुकडा नव्या बांधणीत कामाला येतोय म्हटल्यावर जुन्या मेकॅनिकचं मन जरा द्रवतं. भाच्याने फोनवर जुन्या टोयोटाच्या नकलचा, म्हणजे चाक जिथे वळतं त्या सांध्याचा, फोटो दाखवला तेव्हा तर ते खुर्चीतून पुढे आले. चाकाच्या आतल्या बाजूला मोठा लोखंडी गोल, त्यावर फिरणारी नकल, मागे नमद्याचं सील, आत ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट.

“अरे, हे तर आमच्या जीपचंच! वर-खाली बेअरिंग, त्याखाली शिम. मग टाय रॉड सोडायचा, नकलला स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि ओढून बघायचं किती जोराला हलते. जड गेली तर एक शिम वाढवायची, हलकी गेली तर काढायची. आणि हे सील!” त्यांनी कपाळाला हात लावला. “गळणारच. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारायचं, गळतंय का? मी म्हणायचो, गळतंय तोवर आत ग्रीस आहे.”

टायरचा विषय निघाला तेव्हा मामांनी खडू मागितला. भाच्याला आधी सदतीस इंची टायर हवे होते, तक्त्यात मात्र तो पस्तीसवर आला होता. मामांनी फरशीवर गणित मांडलं. कंपनीचा टायर साधारण २८.३ इंच, क्राऊन-पिनियनचा रेशो ४.१०. पस्तीस इंची चाक लावलं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळणार, म्हणजे इंजिनावर ताण. पहिल्यासारखी ओढ हवी तर रेशो ५.०७ हवा. बाजारात त्याच्या जवळचा ५.२९ मिळतो.

“एकशे सोळा घोड्यांचं इंजिन तुझं. पुढे बदललास की मागेही बदलावा लागेल. फोर-व्हीलमध्ये पुढचं-मागचं एकमेकांशी बांधलेलं असतं, रेशो वेगळे असले तर स्वतःच स्वतःला फाडून टाकतील. खर्च दोनदा लिही. आणि स्पीडोमीटर चार टक्के जास्त दाखवेल, तेवढं तुझ्या फायद्याचं.”

“आणि गाडी सहा इंच उचलायची म्हणतोय.”

“कशाला?”

“दगडाला पोट लागू नये म्हणून.”

“पोट म्हणजे कोणतं? आता सगळ्यात खाली काय असणार? गोळा. तो चासीला टांगलेला नाही, दोन चाकांच्या मधे आहे. पाटे घालून चासी सहा इंच उचल नाहीतर साठ इंच, गोळा होता तिथेच राहणार. तो उचलतो फक्त टायर, आणि तोही निम्म्यानेच. अठ्ठावीसाचा पस्तीस केलास तर सव्वातीन इंच मिळाले. बाकीची उंची नुसती गाडी कलंडायला उपयोगी.”

भाच्याने सहाचे चार केले. मामा म्हणाले, तीन. ते चारवर थांबले. यावरून मला मंडईची आठवण झाली.

“पण एक सांगतो,” भाचा म्हणाला, “हा गोळा खाली असला तरी जागा सोडत नाही. माझ्या आत्ताच्या गाडीत डिफ्रन्शिअल वर टांगलंय खरं, पण दगडावरून उतरताना स्प्रिंग दबली की तेही चासीबरोबर खाली येतं. आधी वाटतं निघेल, आणि मग आपटतं. हौसिंगचं तसं नाही. इथे डोळ्यांना दिसते तेवढीच जागा, कायम.”

मामांनी मान डोलावली. हे त्यांना नाकारता येणारं नव्हतं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी बहुधा ते दोन रविवार दम धरून बसले होते.

“स्टीअरिंग कसं करणार?”

“तेही बदलणार.”

“तेही? अरे, तेच बदलायचंय. हौसिंग काय, चार यू-बोल्टांचं काम आहे. तक्त्यात हौसिंगला बारा ओळी दिल्यास, स्टीअरिंगला एक. उलटा कर तो तक्ता.”

हा भाग मी लक्ष देऊन ऐकला, कारण मामांचा आवाज बदलला होता. ते म्हणाले, आत्ताच्या गाडीत स्टीअरिंग बॉक्सपासून मधला दांडा, त्याला धरणारा आयडलर आर्म, दोन बाजूंचे टाय रॉड अशी सगळी मांडणी दोन सुट्या चाकांसाठी आहे. ती पूर्ण निघणार. हौसिंगला दोन्ही नकलांना जोडणारा एक सलग टाय रॉड लागतो, आणि स्टीअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंत एक ड्रॅग लिंक. भानगड त्या ड्रॅग लिंकची. तिचं एक टोक चासीला धरलेल्या बॉक्सवर, दुसरं हौसिंगवर. पाटे दबले की हौसिंग एका वाटेने वर येतं, लिंकचं टोक आपल्या वाटेने. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर फरक कुठेतरी जिरायला हवा, आणि तो जिरतो चाक वळण्यात. ड्रायव्हरने स्टीअरिंग हलवलेलंच नसतं आणि गाडी खड्ड्यात एका अंगाला खेचते.

“तुझ्या ८५च्या टोयोटात लिंक पुढून मागे जायची. पाट्यांबरोबर हौसिंग थोडं मागे-पुढे सरकतंच, ते सगळं स्टीअरिंगला कळायचं. बरोबर?”

“हो. म्हणून आता सगळे आडवी लिंक करतात. बॉक्स डावीकडे, तिथून सरळ उजव्या नकलपर्यंत. माझ्या गाडीचाच बॉक्स त्याला चालतो, त्याचा आर्म डावी-उजवीकडे फिरतो. फक्त पुढे सरकवून चासीला बाहेरून लावायचा.”

“किती आडवी?”

“जमेल तितकी. लांब आणि सपाट. त्यासाठी नकलच्या डोक्यावर उंच आर्म येतात, म्हणजे लिंक पाट्यांच्या वरून जाते.”

“आर्म कशावर बसतो?”

“वरच्या बेअरिंगच्या टोपीच्या जागी. चार स्टडवर.”

“चार स्टड.” मामांनी चार बोटं वर केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “दाजी, अठराशे किलोची गाडी, पस्तीस इंची चाकं, आणि तुमचा मुलगा चार स्टडवर वळणार.”

“मोठ्या मापाचे टाकतात मामा. भोकं मोठी करून.”

“टाक. आणि पहिल्या शंभर मैलांनी परत आवळ. मग हजाराने. मग दर वेळी त्या डोंगरातून आल्यावर. स्टड सैल होतो तेव्हा आवाज करत नाही. आणि बॉक्स लावशील ती चासी आतून नळी आहे का नुसता पन्हाळ?”

“बघावं लागेल.”

“मोठी चाकं दगडात अडकवून स्टीअरिंग फिरवलंस की सगळा जोर त्या पत्र्यावर येतो. आतून नळकांडी घालून, बाहेरून पट्टी वेल्ड करून मग बोल्ट. नाहीतर चासीला तडा जाणार, हे मी जीपवर बघितलंय, टोयोटाचं लोखंड वेगळ्या देवाने बनवलेलं नाही.”

ते तापले होते. मग पाणी प्यायले आणि शांत आवाजात कॅस्टरकडे आले. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. हौसिंगवरच्या नकलाही तशाच मागे कललेल्या हव्यात. पण गाडी उचलली की पुढच्या शाफ्टचा उतार वाढतो, आणि पिनियनचं नाक शाफ्टकडे वर करावंसं वाटतं. नाक वर केलं की सगळं हौसिंग फिरतं आणि नकला पुढे झुकतात. शाफ्ट सुखी, स्टीअरिंग दुःखी. दोघांनाही सुखी करायचं तर नकलचे गोल नळीपासून कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात.

“ते मी करायचं म्हणतोय,” भाचा म्हणाला.

“ते तू करणार नाहीस. ते ज्याच्याकडे जिग आहे तो करेल. तू गाडी कापायचं कर, ते कुणालाही जमतं.”

तिसऱ्या रविवारी मामांनी आपली बाजू पुन्हा मांडली, शेवटचीच, आणि माझ्या मते ती सगळ्यात भक्कम होती. मागच्या डिफ्रन्शिअलला लॉकर टाक, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ढकलेल. टॉर्शन बार होते तसे सोड. आयडलर आर्मला जाड ब्रॅकेट दे. टायर एकतीस इंची. खर्च दहावा हिस्सा, गाडी एका आठवड्यात तयार, आणि शुक्रवारची मऊच राहते. “त्या वाटेवर सगळ्यात अवघड जे दोन-तीन धोंडे आहेत त्यांना वळसा घाल. वळसा घालणाऱ्याला कुणी हसत नाही.”

“त्या वाटेवर सगळेच हसतात मामा.”

“मग हसू दे.”

भाच्याने थोडा विचार केला. “तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. वाळवंटातला मोहावीचा रस्ता असता, शंभरावर मैल वाळू आणि खडी, तर मी हे सस्पेन्शन हलवलंही नसतं. तिथे हेच चांगलं. पण मला दगडात जायचंय. आणि दुसरं म्हणजे... मला ते बांधायचंय.”

हे ‘बांधायचंय’ त्याने जरा हळू म्हटलं. मामांनी त्यावर वाद घातला नाही. ज्याने स्वतः पहिली जीप भंगारातून जुळवली होती त्याने काय वाद घालायचा? एवढंच म्हणाले, “तुमच्याकडे आरटीओ विचारत नाही?”

“चासीच्या उंचीला मर्यादा आहे, त्यात बसतोय. दोन वर्षांनी धुराची तपासणी असते, इंजिनाला हात लावत नाही म्हणून ती अडत नाही.”

“नशीब. आमच्याकडे २०१९ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कंपनीने केलं त्यापेक्षा मूळ रचनेत वेगळं काही चालणार नाही. नाशिकला थारवाली पोरं येतात. २०१०च्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार होते, ते काढून पाटे टाका म्हणतात. मी म्हणतो, जा घरी.”

मग त्यांनी दोरा मागितला.

भाच्याला वाटलं होतं ग्राइंडर मागतील. मामांनी दोऱ्याला एक जड नट बांधला, म्हणजे ओळंबा झाला. गाडी चारी चाकांवर, सपाट फरशीवर, टाकी भरलेली, पुढे विंच लागणार म्हणून बंपरवर तेवढ्या वजनाची तांदळाची पोती. “वजनाखाली जे माप आहे तेच खरं. पाट्यांच्या पट्ट्या हौसिंगवर नुसत्या टाचायच्या, सगळं वजन ठेवून कोन बघायचे, मग पक्कं वेल्ड. आज आपण कापत नाही. आज फक्त गाडी जमिनीवर उतरवून घेऊ.”

चासीवरच्या भोकांतून एकेक ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे खडूची फुली. पुढच्या चाकांचा मध्य, मागच्या चाकांचा मध्य, स्टीअरिंग बॉक्सचा बोल्ट, ट्रान्स्फर केसचं तोंड. एकदा पुढचं सगळं कापलं की मूळ चाक कुठे होतं हे गाडी सांगू शकत नाही, फरशी सांगते. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. मामा मापं सुतात सांगत होते आणि भाचा इंचात लिहीत होता. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे कळल्यावर त्याला आनंद झाला. मामांना जास्त झाला. “आमच्याकडे सगळं मिलिमीटर झालं. माझं सूत अमेरिकेत चालतं, बघ.” टोयोटाचे नट मात्र बारा, चौदा, सतरा मिलिमीटरचे होते, त्यामुळे दोघांनाही दोन्ही भाषा बोलाव्या लागत होत्या.

तासाभरात फरशीवर बावीस फुल्या झाल्या. मामांनी टेप लावला. डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, मग उजव्या बाजूला.

“काय आलं?”

“उजवीकडे तीन सूत कमी.”

“परत बघा.”

परत तीन सूत. मग कर्ण मापले, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. चासी चौकोनी होती, निदान मधली तरी. पुढचं उजवं टोक मात्र मागे ढकललेलं. भाच्याने गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतली होती. पहिल्या दोघांपैकी कुणीतरी ती कशावर तरी घातली होती आणि वरचा पत्रा सरळ करून विकली होती. पाट्यांचं पुढचं ब्रॅकेट नेमकं त्याच टोकाला वेल्ड व्हायचं होतं.

“सुट्या सस्पेन्शनमध्ये हे लपलं,” मामा म्हणाले. “अलाइनमेंटवाल्याने बोल्ट फिरवून जुळवून दिलं असणार. हौसिंग असतं तर पहिल्याच दिवशी गाडी खेकड्यासारखी चालली असती.”

भाचा फरशीवर बसून त्या फुल्यांकडे बघत होता. त्याच्या तक्त्यात चासी सरळ करायची ओळ नव्हती. आतून सुनेचा आवाज आला, तिची गाडी उन्हात आहे, आत कधी घ्यायची? त्याने उत्तर दिलं नाही. मामांनी दोरा पुन्हा गुंडाळला, नट हातात तोलला, आणि उजव्या बाजूने गाडीखाली सरकले.

“दाजी, बॅटरी इकडे. अशी नाही, चासीच्या आतून धरा. आणि तू रे, डावीकडचं ते भोक पुन्हा माप. माझं दोन सूत येतंय.”